रँकिंग घसरलेली साइट: कोणता लेख सुधारायचा, कोणता जोडायचा, कोणता काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा-सातशे लेखांची माहितीपर साइट आहे, एका कोअर अपडेटनंतर (गूगल क्रमवारी ठरवण्याच्या मूळ पद्धतीत करतं तो मोठा बदल) गूगलवरून येणारे वाचक निम्म्यावर आले, बरेच लेख पातळ, म्हणजे वाचकाला फारसं काही न देणारे, आहेत हे मालकालाही मान्य आहे. आता जुने लेख सरसकट उडवायचे की सगळे नव्याने लिहायचे?

दोन्ही नको. सरसकट उडवले तर त्यात उपयोगी पानंही जातात आणि त्यांना मिळालेल्या बाहेरच्या लिंकाही वाया जातात. सगळं नव्याने लिहायला घेतलं तर शंभराव्या लेखापर्यंत दम संपतो आणि उरलेले लेख पहिल्यासारखेच पातळ राहतात. प्रत्येक पान उघडून, वाचून, त्याचा वेगळा निर्णय घ्यावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण खरा फरक तिथेच पडतो.

त्याआधी पडझड नक्की कशामुळे झाली ते तपासा. मजकुरात दोष नसताना मजकूर बदलत बसणं हा सगळ्यात महागडा गोंधळ असतो.

सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात पहिल्यांदा ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ उघडा. तिथे नोंद असेल तर एखाद्या माणसाने साइट तपासून कारवाई केलेली आहे. दोष दूर करून पुनर्विचाराची विनंती पाठवावी लागते. नोंद नसेल तर अशी विनंती पाठवायची सोयच नसते, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. मग ‘पेज इंडेक्सिंग’ पाहा, म्हणजे कोणती पानं गूगलने आपल्या साठ्यात (इंडेक्समध्ये) घेतली आहेत ते कळेल. थीम बदलताना किंवा सर्व्हर हलवताना चुकून नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी खूण) लागलं, रोबॉट्स फाइलने (शोधयंत्राने कुठे फिरू नये ते सांगणारी फाइल) अर्धी साइट अडवली, सर्व्हर पाचशेच्या घरातल्या क्रमांकाच्या चुका, म्हणजे स्वतःचे बिघाड, देऊ लागला, तर पडझड अपडेटच्याच आठवड्यात दिसूनही कारण वेगळं असतं.

त्यानंतर तारखा. कोअर अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर नोंदलेलं असतं. संपल्यावर निदान एक आठवडा जाऊ द्या, मग त्यानंतरचा पूर्ण आठवडा अपडेट सुरू होण्याआधीच्या पूर्ण आठवड्याशी ताडून पाहा. अपडेट चालू असताना आकडे रोज हलतात, त्यांवरून निष्कर्ष काढू नका. कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा असतो. मागच्या वर्षी याच आठवड्यांत काय होतं तेही पाहा, म्हणजे हंगामी उतार असेल तर तो वेगळा कळेल.

आता क्लिक, इम्प्रेशन (निकालांत पान किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान एकत्र वाचा. इम्प्रेशन आणि स्थान जवळपास तेच आहे, फक्त क्लिक घटले आहेत, तर निकालाच्या पानाचं रूप बदललेलं आहे: वर एआयचं उत्तर आलं, व्हिडिओ आले, जाहिराती वाढल्या. हा तुमच्या लेखांच्या दर्जाचा निकाल नव्हे. एखादं पान दुसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर गेलं असेल तर त्याला फार हात लावू नका. गूगलचा सल्लाही हाच आहे. पण चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर फेकलं गेलं, आणि असं एक-दोन नव्हे तर वेगवेगळ्या विषयांच्या पानांचं झालं, तर खालचं सगळं काम तुमच्यासाठी आहे.

चांगले लेखही का खाली गेले, हा प्रश्न इथे नेहमी येतो. फेब्रुवारी २०११मध्ये आलेल्या पांडा अपडेटपासून गूगल दर्जाचा विचार पानापुरता ठेवत नाही. त्याच वर्षीच्या मेमध्ये गूगलने स्पष्ट लिहिलं होतं की साइटच्या काही भागांतला हलका मजकूर पूर्ण साइटच्या रँकिंगवर परिणाम करू शकतो, आणि अशी पानं काढणं, एकत्र करणं किंवा सुधारणं यांनी उरलेल्या चांगल्या पानांना पुढे मदत होऊ शकते. पांडा २०१६मध्ये मूळ अल्गोरिदमचा भाग झाला. ऑगस्ट २०२२मध्ये आलेली ‘हेल्पफुल कन्टेन्ट’ प्रणालीही साइटभर लागू होणारा संकेत देत असे. मार्च २०२४मध्ये तीही कोअरमध्ये मिसळली. म्हणून आज ‘मला अमुक अपडेटचा फटका बसला’ असं एका नावावर बोट ठेवून फारसं काही हाती लागत नाही. साइटवरचा कमकुवत भाग किती मोठा आहे, हे शोधणं उपयोगाचं.

तो भाग शोधायला यादी लागते. क्रॉलर (लिंकांवरून फिरत पानं गोळा करणारा प्रोग्राम) चालवून साइटवरचे सगळे यूआरएल (पानांचे पत्ते) काढा. स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरची मोफत आवृत्ती ५०० यूआरएलपर्यंत चालते, त्यापुढे परवाना लागतो. साइटमॅपमधले (साइटने शोधयंत्राला दिलेल्या पानांच्या यादीतले) यूआरएल त्यात मिळवा, कारण ज्या लेखांना साइटवरून एकही लिंक नाही ते क्रॉलरला सापडतच नाहीत. मग कन्सोलमधून पानवार क्लिक आणि इम्प्रेशन घ्या. इथे एक अडचण येते: कन्सोलच्या पडद्यावरून एका वेळी १,००० ओळीच उतरवता येतात. फोल्डरनुसार किंवा यूआरएलमधल्या शब्दानुसार फिल्टर लावून तुकड्यांत उतरवा, नाहीतर एपीआय (प्रोग्रामने थेट डेटा काढण्याची सोय) वापरा. एका तक्त्यात यूआरएल, शीर्षक, गेल्या १२ महिन्यांचे क्लिक, अपडेटआधीच्या काळाशी तुलना, बाहेरून आलेल्या लिंका, आतून आलेल्या लिंका, इंडेक्समध्ये आहे का, शेवटचा खरा बदल कधी, आणि शेवटी ‘निर्णय’ असा रिकामा रकाना ठेवा.

हा निर्णय क्लिकच्या आकड्यावरून आपोआप भरू नका. ‘वर्षभरात दहापेक्षा कमी क्लिक आले ते लेख काढा’ अशी कात्री सगळीकडे सुचवली जाते, आणि तिनेच सर्वाधिक नुकसान होतं. अगदी अरुंद प्रश्नाचं नेमकं उत्तर देणाऱ्या पानावर वर्षाला आठच लोक येतील, पण त्या आठांना दुसरीकडे ते उत्तर मिळणार नाही. उलट दर महिन्याला हजार क्लिक आणणारं पान पोकळ असू शकतं, आणि पुढच्या अपडेटमध्ये पहिल्यांदा तेच पडतं. आकडे फक्त वाचनाचा क्रम ठरवायला वापरा.

इंडेक्सिंग अहवालातली ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ ही यादी मात्र बारकाईने पाहा. गूगलने पान येऊन पाहिलं आणि तरी साठवलं नाही, असा तिचा अर्थ. त्यात फीड आणि पॅरामीटरचे (पत्त्यात ‘?’नंतर काही जोडून बनलेले) निरुपयोगी यूआरएल असतील तर काळजी नाही. तुमचे मुख्य लेख मोठ्या संख्येने असतील तर साइटबद्दलचं मत काय झालंय ते तिथे दिसतं. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ वेगळं: तिथे गूगल अजून पानापर्यंत आलेलंच नाही. ते कधी सर्व्हर मंद असल्यामुळे होतं, कधी एवढी पानं पाहण्याइतकं साइटचं वजन वाटत नाही म्हणून.

आता वाचन. लेख उघडा आणि शोधणाऱ्याच्या जागी बसा. त्याने जो प्रश्न टाइप केला त्याचं उत्तर पानावर आहे का? असेल तर किती खाली? या पानावर असं काय आहे जे पहिल्या पाच निकालांत नाही? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर लेख व्याकरणदृष्ट्या कितीही स्वच्छ असला तरी तो पातळ आहे. लांबीचा इथे काही संबंध नाही. गूगलला अमुक शब्दसंख्या आवडते ही समजूत त्यांनी स्वतःच खोडून काढलेली आहे, तरी १,५०० शब्दांचा उंबरठा गाठायला तीन परिच्छेदांची प्रस्तावना जोडणं अजून थांबलेलं नाही.

सुधारणा म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. समजा लेख आहे ‘वॉशिंग मशीनमधून पाणी बाहेर जात नाही’. पातळ लेख असा असतो: वॉशिंग मशीन आज प्रत्येक घराची गरज आहे, पाणी न जाण्याची अनेक कारणं असू शकतात, फिल्टर तपासा, पाइप तपासा, पंप तपासा, तरीही अडचण राहिली तर तज्ज्ञाला बोलवा. चुकीचं काहीच नाही, आणि वाचून मशीन दुरुस्तही होत नाही.

सुधारलेला लेख पहिल्याच ओळीत सांगतो की फ्रंट लोड मशीनमध्ये आधी ड्रेन फिल्टर पाहा, तो बहुतेक मॉडेलांत पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे असतो. मग क्रम: प्लग काढा, पाणी गरम असेल तर थंड होऊ द्या, खाली उथळ भांडं आणि जुना टॉवेल ठेवा, शेजारी बारीक नळी असेल तर तिने आधी पाणी काढा, मग फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू सैल करा, कारण ड्रममध्ये पाणी साठलेलं असताना तो एकदम उघडला तर सगळं पाणी फरशीवर येतं. आत नाणी, बटणं, केसांचे गुंते सापडतात. फिल्टरच्या पोकळीत पंपाचं छोटं पातं दिसतं. ते बोटाने फिरवलं की अडखळत फिरतं, आणि ते तसंच फिरायला हवं, कारण पंपात चुंबक असतो. अजिबात हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. अगदी सैल गरगरत असेल तर पंपाचा दांडा तुटलेला असू शकतो. फिल्टर स्वच्छ असेल तर ड्रेन पाइप मागे दुमडलाय का, आणि त्याचं टोक मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीत आहे का, ते पाहा. टॉप लोड मशीनची रचना वेगळी असते, म्हणून त्याचा स्वतंत्र भाग.

फरक तपशिलाचा आहे, आणि असा तपशील मशीन उघडून पाहिलेल्या माणसाकडूनच मिळतो. ‘ते अडखळत फिरायला हवं’ हे वाक्य दहा लेख वाचून अकरावा लिहिणाऱ्याला सुचणार नाही. गूगलच्या दर्जा तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला अनुभव हा निकष आला, तो यासाठीच. या निकषांचा कुठे एक गुण मोजला जात नाही. लेखाखाली लेखकाचा फोटो आणि चार ओळींचा परिचय चिकटवून अनुभव सिद्ध होत नाही. परिचय जरूर द्या, पण अनुभव मजकुरात दिसला पाहिजे: स्वतः काढलेला फोटो, स्वतः घेतलेलं माप, कोणत्या परिस्थितीत हा उपाय चालत नाही, चूक झाली तर काय बिघडतं.

म्हणून सुधारणेचं पहिलं पाऊल जाणकाराशी बोलणं. लेखक स्वतः जाणकार नसेल तर कामातल्या माणसाला अर्धा तास विचारा: लोक नेहमी कुठे चुकतात? तुम्ही आधी काय तपासता आणि का? इंटरनेटवर वाचलेलं काय चुकीचं असतं? या तीन प्रश्नांतून एका लेखाला पुरेल इतका नवा मजकूर निघतो. ग्राहकांच्या तक्रारी, सपोर्टला आलेले ईमेल आणि साइटवरच्या शोधपेटीत लोकांनी टाइप केलेले शब्द हाही असाच कच्चा माल आहे, आणि तो बहुतेक साइटांच्या हाताशी पडून असतो.

जुना लेख एआय साधनाला देऊन ‘अधिक सविस्तर कर’ सांगणं ही सुधारणा नाही. साधन वापरण्याला गूगलची सरसकट हरकत नाही. मात्र मार्च २०२४पासून लागू असलेल्या धोरणानुसार वाचकाला नवं काही न देता रँकिंगसाठी घाऊक मजकूर बनवणं हे स्पॅम आहे, मग तो यंत्राने लिहिला असो वा माणसाने. न तपासलेली यांत्रिक भाषांतरंही यात येऊ शकतात. साधनाला तुमच्या जाणकाराच्या टिपणांची मांडणी करायला सांगा, पण माहिती त्याच्याकडून आणू नका.

सुधारताना यूआरएल तोच ठेवा. वरची भरताड प्रस्तावना काढा. शीर्षक पानावर खरोखर जे आहे तेच सांगणारं हवं. तारीख तेव्हाच बदला जेव्हा मजकूर बदललाय. नुसती तारीख पुढे सरकवून ताजेपणा दाखवणं गूगलने धोक्याच्या खुणांमध्ये नाव घेऊन सांगितलं आहे. लेखाखाली प्रश्नोत्तरांची पट्टी जोडून निकालात जास्त जागा मिळवण्याची युक्तीही जुनी झाली: ऑगस्ट २०२३मध्ये गूगलने ती सजावट नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटांपुरती मर्यादित केली.

पुढचा गठ्ठा एकाच प्रश्नावरच्या अनेक लेखांचा. ‘फिल्टर कसा साफ करावा’, ‘फिल्टर साफ करण्याची पद्धत’, ‘फिल्टर साफ करण्याच्या सात टिपा’ अशी पानं एकमेकांच्याच वाटेत येतात. कन्सोलमध्ये एक क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) निवडून ‘पेजेस’ टॅब उघडा. तिथे तुमची तीन-चार पानं आलटून पालटून दिसत असतील आणि एकही वर टिकत नसेल, तर ती जोडा. ज्या पानाला बाहेरच्या लिंका आणि जुने क्लिक जास्त आहेत ते राखा, बाकीच्यांतलं जे वेगळं आणि खरं आहे तेवढंच त्यात आणा, आणि मग बाकीचे यूआरएल ३०१ने (कायमच्या रीडायरेक्टने) राखलेल्या पानावर वळवा. साइटमधल्या जुन्या लिंकाही थेट नव्या पत्त्यावर बदला, वळणावर वळण राहू देऊ नका. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा; मी म्हणेन काढूच नका, त्याला खर्च काही नाही. इथे फक्त कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांतलं मुख्य कोणतं ते सांगणारी खूण) लावून भागवू नका. तो गूगलसाठी सूचना आहे, आज्ञा नाही, आणि पानं खरोखर वेगळी असतील तर तो दुर्लक्षिला जातो.

काढायचे लेख शेवटी उरतात: ज्यांचा विषयच संपला, जे साइटच्या विषयाशी असंबद्ध आहेत, किंवा ज्यांवर लिहायला तुमच्याकडे स्वतःचं काहीच नाही. काढण्याआधी मजकुराची प्रत जपून ठेवा. जवळचं पर्यायी पान असेल तर ३०१. नसेल तर सरळ ४०४ (‘पान सापडलं नाही’) किंवा ४१० (‘पान कायमचं काढलं’) द्या, गूगलच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. शेकडो लेख मुखपृष्ठावर वळवू नका; असं वळण सॉफ्ट ४०४, म्हणजे नसलेलंच पान, धरलं जातं आणि वाचकालाही काही कळत नाही. पान येणाऱ्यांना हवं आहे पण शोधात नको, उदाहरणार्थ टॅगची पानं किंवा साइटमधल्या शोधाचे निकाल, तर नोइंडेक्स लावा. मात्र त्याच वेळी ते रोबॉट्स फाइलमध्ये अडवू नका. अडवलं की गूगलला पान उघडता येत नाही, नोइंडेक्स वाचताच येत नाही, आणि नुसता पत्ता इंडेक्समध्ये राहू शकतो. कन्सोलमधलं ‘रिमूव्हल्स’ साधन यासाठी नाही. ते पान सुमारे सहा महिनेच लपवतं.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: आधी जोडणी, मग सुधारणा, सगळ्यात शेवटी काढणी. जोडताना प्रत्येक विषयावर हाताशी काय आहे ते कळतं आणि काढायची यादी आपोआप लहान होते. सुधारणेत पाचव्या ते विसाव्या क्रमांकावर अडकलेली पानं आधी घ्या. एका वेळी २० ते ३० पानांचा गट करा, तो पूर्ण करा, तारखेसह नोंदवा. याच काळात थीम, यूआरएलची रचना आणि सर्व्हर बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. तशाच दर्जाचे नवे लेख टाकणंही थांबवा. रोज एक लेख हे वेळापत्रक बहुतेक वेळा या दुखण्याचं मूळ असतं.

साइटमॅपमध्ये ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची तारीख) खरा ठेवा. गूगल तो सातत्याने बरोबर असेल तरच मानतं. ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रेक’ तर पाहतच नाही. महत्त्वाच्या मोजक्या पानांसाठी यूआरएल तपासणीतून इंडेक्सिंगची विनंती करा. इंडेक्सिंग एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे, लेखांसाठी त्याच्या मागे लागू नका.

वेगाचे आकडेही जागेवर हवेत: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, पान हलण्याचं माप ०.१च्या आत असावं. पण पातळ लेख वेगाने उघडला म्हणून वर येत नाही. त्याआधी मजकूर झाकणाऱ्या जाहिराती कमी करा.

निकाल कधी दिसतील? काही पानांवर दोन-चार आठवड्यांत हालचाल दिसते. साइटबद्दलचं एकूण मत बदलायला कित्येक महिने लागतात, आणि मोठी सुधारणा अनेकदा पुढच्या एखाद्या कोअर अपडेटनंतरच दिसते. हमी कोणीच देऊ शकत नाही; जुनी जागा आता ज्याच्याकडे आहे त्याचं पान खरोखर चांगलं असेल तर ती परत मिळेलच असं नाही.

मोजताना पूर्ण साइटचा आलेख पाहू नका, तो हंगामाने आणि एक-दोन मोठ्या पानांनी हलतो. प्रत्येक गटाचे बदलाआधीचे २८ दिवस आणि बदलानंतर दोन महिन्यांनी येणारे २८ दिवस ताडा. क्लिकच्या आधी क्वेरींची संख्या वाढते: पूर्वी ज्या लांबलचक, नेमक्या प्रश्नांवर पान दिसतच नव्हतं, तिथे ते दिसायला लागतं. एखाद्या गटात तीन महिन्यांनीही अशा नव्या क्वेरी आल्या नाहीत, तर पुढचा गट थांबवा आणि त्या गटातली पाच पानं विषयाच्या जाणकाराला वाचायला द्या. ‘यातलं तुम्हाला नवीन काय वाटलं?’ एवढंच विचारा, आणि तो जिथे गप्प राहील त्या पानांपासून पुन्हा सुरुवात करा.